तोंडी परीक्षेचे मार्क

"व्यवसाय?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"बँकेत होतो," सरांनी ठोकून दिलं.

इतकं सफाईदार खोटं आपल्याला जमतं हे पाहून त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मुलीनं लिहून घेतलं आणि बाकाकडे बोट दाखवलं. सर बाकावर बसले, शेजारच्या माणसाची नजर चुकवली आणि भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे पाहत राहिले. चित्रात आतल्या शंखाला अडीचच्या जागी चांगले चार वेढे काढले होते. एरवी त्यांनी तिथल्या तिथे उठून कुणाला तरी फैलावर घेतलं असतं. पण बँकेतल्या माणसाला कानातले वेढे कुठून माहीत असणार, म्हणून ते गप्प बसले.

सरांनी बँकेचं तोंड पाहिलं होतं ते फक्त पेन्शन काढायला. बाकी उभी हयात गेली ती ऐकू येण्याची तपासणी कशी करायची आणि बहिऱ्याला मशीन कसं बसवायचं, हे शिकवण्यात. या शहरात कानाच्या तपासणीचं दुकान थाटून बसलेले निम्म्याहून अधिक लोक त्यांच्या हाताखालून गेलेले. म्हणूनच तर ते दोन बस बदलून शहराच्या या टोकाला आले होते. इथल्या मालकीणबाई बाहेरगावच्या, पाटी अलीकडची, ओळखीचं कुणी भेटायची धास्ती नाही.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तोंडी परीक्षा आली की विभागातून सरांना बोलावणं यायचं. सरही परीटघडीचा शर्ट घालून वेळेआधी हजर व्हायचे. यंदा मात्र विद्यापीठाच्या डोक्यात नवं खूळ शिरलं: निवृत्त परीक्षकांनी डोळे आणि कान शाबूत असल्याचा दाखला आणायचा. डोळ्यांचा मिळाला. कानांचा राहिला होता, आणि परीक्षा सोमवारवर आली होती.

कान उत्तम आहेत, असं सरांचं मत होतं. लोक पुटपुटतात, हा खरा रोग. बायको पुटपुटायची, टीव्हीवरचे बातम्या देणारे पुटपुटायचे, आणि विद्यार्थ्यांबद्दल तर बोलायलाच नको. दरवर्षीची तुकडी आधीच्या तुकडीच्या वरताण. मग दाखल्यासाठी सरळ आपल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याकडे का गेला नाहीत, असं कुणी विचारलं असतं तर सरांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी स्वतःलाही ते विचारलं नव्हतं. काही प्रश्न स्वतःला न विचारण्याची हुशारी माणसाच्या अंगात उपजतच असते.

मार्क खोटं बोलत नाहीत, हे सरांचं आवडतं वाक्य. त्यातही तोंडी परीक्षेचे मार्क. लेखी पेपर काय, घोकून कुणीही लिहील. समोर बसवून विचारलं की माणूस उघडा पडतो. शहरातल्या कानवाल्यांनाही हे पटलेलं होतं. नवा मुलगा किंवा मुलगी कामावर घ्यायची झाली की ते मार्कलिस्ट बाजूला ठेवत आणि सरांना फोन लावत. "सर, तोंडीत किती दिलेत?" सर आकडा सांगत, वर एखादं वाक्य जोडत. त्या वाक्यावर कुणाची नोकरी लागायची, कुणाची हुकायची. सर याला जबाबदारी म्हणायचे. बायको याला मिरवणं म्हणायची, पण ती पुटपुटायची, त्यामुळे सरांच्या कानावर ते कधी नीट पडलंच नाही.

"काका, या!"

दारात तपासणी करणारी बाई उभी होती. पस्तिशी ओलांडलेली, केस घट्ट बांधलेले, तोंडावर मास्क. "जरा सर्दी झालीय म्हणून मास्क घातलाय. चालेल ना?" ती म्हणाली, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाली की बाकावरच्या दोघांनी वर पाहिलं.

मास्क पाहून सर मनातून खट्टू झाले. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. पण आवाज ऐकून त्यांची कळी खुलली. "वा! काय खणखणीत आवाज आहे तुमचा," खुर्चीत बसता बसता ते म्हणाले. "नाहीतर हल्लीची मुलं! माझ्या ओळखीत... आमच्या बँकेत नवी पोरं यायची ना, तोंडातल्या तोंडात बोलायची. तुमच्याकडे शिकवणीला पाठवायला हवी होती."

बाई कानात दिवा धरून पाहत होती. तिचा हात क्षणभर थांबला. "कान साफ आहेत," ती म्हणाली आणि दिवा खाली ठेवला.

काचेच्या केबिनमध्ये सर एकटे बसले. कानांवर हेडफोन, हातात बटण. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं, एवढंच काम. बाहेर, काचेपलीकडे, बाई यंत्राशी बसलेली. खालच्या, घुमणाऱ्या शिट्ट्या सरांना झकास ऐकू आल्या. मग त्या बारीक होत गेल्या आणि एका जागी सगळं सामसूम झालं. सर घाबरले नाहीत. त्यांनी काचेवर नजर लावली. कळ दाबताना बाईचा उजवा खांदा अगदी किंचित हलत होता. खांदा हलला की सर बटण दाबत. तपासणाऱ्यानं रुग्णाला आपला हात दिसू देऊ नये, हे त्यांनीच वर्षानुवर्षं फळ्यासमोर उभं राहून सांगितलं होतं. ही कुठल्या कॉलेजातून शिकून आली असेल ती असो, कच्ची आहे, असं ते मनात म्हणाले आणि खांद्यावर लक्ष ठेवून राहिले.

मग शब्दांची तपासणी. तपासणारा माइकमध्ये एकेक शब्द म्हणतो, रुग्णानं तो परत म्हणायचा. पंचवीसपैकी किती बरोबर आले त्यावर टक्के निघतात. सर आता निर्धास्त होते. कारण शहरभर वापरली जाणारी ती पंचवीस शब्दांची मालिका त्यांनी स्वतः जुळवली होती. तरुणपणी, विभागातल्या तुटक्या पंख्याखाली बसून. झोपेतून उठवलं असतं तरी त्यांनी ती ओळीनं म्हणून दाखवली असती.

"पाटी," सर म्हणाले.

हेडफोनमध्ये काहीतरी गुणगुणलं.

"दोरी." मग "चाक." मग "मीठ."

बाई मान हलवून पुढे जात होती. सरांना हुरूप आला. नुसतं सगळं बरोबर सांगण्यात मजा नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. नक्कल करणारा पकडला जातो तो एकही चूक न केल्यामुळे. अशी कित्येक पोरं त्यांनी नेमकी त्याच खुणेवरून धरली होती. म्हणून मध्ये एकदा 'सुई'च्या जागी त्यांनी मुद्दाम 'रुई' म्हटलं आणि चेहरा जरा गोंधळलेला केला. एव्हाना हेडफोनमधली गुणगुणही येईनाशी झाली होती. आवाज कमी केला असेल, सर समजले. नियमच आहे तसा. ठेका काही चुकला नाही. पंचविसावा शब्द म्हणून झाल्यावर ते खुर्चीत रेलले. सोमवार जिंकल्यात जमा होता.

केबिनचं दार उघडलं.

"सर, बाहेर या."

मघापासून ही 'काका' म्हणत होती, हे सरांच्या उशिरा लक्षात आलं. ते बाहेर येऊन टेबलासमोरच्या खुर्चीत बसले. बाईनं दार लावून घेतलं.

"दहावा शब्द 'भिंत'," ती म्हणाली. "तो म्हटला आणि मी माइक बंद केला. पुढचे सगळे शब्द तुम्ही एकटेच म्हणालात, सर. ओळीनं. मध्ये 'सुई'चं 'रुई'सुद्धा केलंत. मी तर काही बोललेच नव्हते."

सरांनी वळून काचेच्या केबिनकडे पाहिलं.

"शिट्ट्यांच्या वेळीही मी नुसता खांदा हलवत होते. बारीक शिट्ट्या वाजवल्याच नाहीत. म्हटलं, बघू या."

धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, ते सरांना आजवर पुस्तकी वाटायचं. आता त्यांना खरोखरच त्या टेबलाखाली जागा शोधावीशी वाटली. आयुष्यभर त्यांनी नक्कल करणारी पोरं उभी केली होती, बाहीतले कागद काढायला लावले होते, रडणाऱ्यांना "रडून मार्क मिळत नसतात" असं सुनावलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"तुम्ही मला ओळखता?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुम्ही मला शिकवलंय." तिनं मास्क खाली ओढला.

सरांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. नाक, कपाळ, ओठांशेजारचा तीळ. काही केल्या आठवेना. जुन्या विद्यार्थ्यांसमोर हसतात तसं ते हसले. "हो, हो, चेहरा ओळखीचा वाटतोच आहे..."

"नाही वाटत, सर. राहू दे. मला वर्गात मुकी म्हणायचे."

आता मात्र आठवलं. चेहरा नव्हे, तो शब्द. कारण तो त्यांचाच होता. तोंडी परीक्षेच्या टेबलावर बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकाकडे वळून, मुलीच्या देखत, त्यांनी विनोद केला होता: कानाच्या धंद्यात मुकी माणसं कशाला येतात कोण जाणे. पाहुणे खो खो हसले होते. दाराबाहेर रांगेत उभी असलेली पोरंही हसली होती.

लाज वाटायला हवी होती ती इथे. पण माणूस मोठा चिवट असतो, आणि सरांच्या डोक्यात अजून सोमवारच घोळत होता. ते टेबलावर पुढे वाकले. "हे बघ, झालं ते झालं. एवढी एक परीक्षा. अगदीच वाईट नसतील ना माझे कान? दोन-चार शब्द इकडेतिकडे कर. काठावर आहेत असं लिही, म्हणजे झालं."

बोलून गेल्यावर ते शब्द त्यांना उलटून ऐकू आले. काठावर. दोन-चार इकडेतिकडे. टेबलाच्या त्या बाजूनं हे गाऱ्हाणं त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की त्याची चालसुद्धा पाठ होती. फक्त ते आपल्या तोंडून निघेल असं कधी वाटलं नव्हतं.

"आधी नीट तपासू दे," बाई म्हणाली. "मग काठ कुठे आहे ते बघू."

या वेळी तिनं त्यांना काचेकडे पाठ करून बसवलं. शब्दही त्यांच्या मालिकेतले घेतले नाहीत. सर कान टवकारून बसले, कपाळावर आठ्या चढवून, आणि हेडफोनमधून येत राहिली ती एक लांबलचक गुणगुण. त्यातून कुठे 'आ' हाती लागे, कुठे 'ओ'. व्यंजनं म्हणून काही येतच नव्हती. त्यांनी अंदाजानं काहीबाही सांगितलं. मग अंदाज करणंही सोडून दिलं आणि मांडीवर हात ठेवून नुसते बसून राहिले.

बाहेर आल्यावर तिनं आलेखाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. समजावून सांगायची गरजच नव्हती. असे आलेख कसे वाचायचे हे सरांनीच तर शिकवलं होतं. डावीकडून रेघ बरी चालत येत होती, मध्यावर तिचा तोल जात होता आणि तिथून ती थेट खाली उतरत होती. अशी रेघ महिन्या-दोन महिन्यांत पडत नाही. ती हळूहळू पडते, माणसाच्या नकळत, पंधरा-वीस वर्षं. माणूस म्हणत राहतो की लोक पुटपुटतात. हे वाक्यही सर वर्गात सांगायचे, आणि पोरं हसायची.

आपण सांगत होतो तेव्हा ती पोरं कशाला हसत होती, हे आज सरांना कळलं.

"तुझी तोंडी परीक्षा..." ते म्हणाले आणि थांबले.

"मध्यकानात पाणी झालं असेल तर आलेख कसा दिसेल, असं विचारलं होतंत. मी उत्तर दिलं. तुम्ही म्हणालात, काय? मी पुन्हा दिलं. तुम्ही म्हणालात, पुटपुटू नकोस. तिसऱ्यांदा सांगताना मला रडू आलं. मग तुम्ही लिहून टाकलंत." ती हे अगदी सपाटपणे सांगत होती, आणि तेच सरांना जास्त लागत होतं. "सिनियर मुलांनी आधीच सांगितलं होतं मला. सरांसमोर मोठ्यानं बोल, काहीही बोल, पण मोठ्यानं. मला वाटलं, थट्टा करतायत. उत्तर बरोबर असल्यावर ओरडायचं कशाला?"

"सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना. एकानं तर पैज लावून, पाहुणे परीक्षक चहाला उठले तेव्हा, बसचे थांबे म्हणून दाखवले. स्टेशनपासून कॉलेजपर्यंतचे, एका दमात. तुम्ही शाब्बास म्हणालात. सगळ्यात जास्त मार्क त्यालाच पडले त्या वर्षी."

तो कोण, हे सरांनी विचारलं नाही. त्या वर्षी सगळ्यात जास्त मार्क कुणाला दिले होते ते त्यांना पक्कं आठवत होतं. तो आज त्यांच्याच खुर्चीत विभागप्रमुख होता, आणि त्याची नेमणूक झाली तेव्हा सरांनी गल्लीभर पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

"पण मार्कांनी असं काय अडतं गं?" सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते मार्कांना कमी लेखत होते, आणि तेही स्वतःच्या बचावासाठी. "काम येणाऱ्याला काम मिळतंच. तू आज इथे आहेसच की."

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. आता मात्र तिचा आवाज चढला.

"आहे ना. मार्क एवढंच करतात सर, दार उघडतात नाहीतर लावतात. एकदा आत गेलं की कुत्रं विचारत नाही त्यांना. इथल्या मालकीणबाईंनी आजतागायत माझी मार्कलिस्ट पाहिलेली नाही. पण दार उघडायलाच मला चार वर्षं लागली. तीन क्लिनिकमध्ये माझी निवड झाली होती. तीन! कामाची परीक्षा घेऊन. मग त्यांनी तुम्हाला फोन केला."

सर खाली पाहू लागले. काय सांगितलं असेल ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. ते नेहमीचंच वाक्य असणार. मुलगी चांगली आहे, पण बोलत नाही. रुग्णांसमोर बसवू नका.

"घरी आई म्हणायची, तोंड उघडत जा. बाबा पाहुण्यांना सांगायचे, हिला लहानपणापासूनच जरा बोलण्याचा प्रॉब्लेम आहे. नव्हता हो मला कधी! पण मीच मानायला लागले. बोलायचा क्लास लावला. बंद खोलीत उशी तोंडावर धरून ओरडायचे. इथे आधी मशीनचे कानात बसणारे साचे घासूनपुसून ठेवायचं काम केलं, मग फोन उचलायचं. अजून घरी साधं मीठ मागितलं तरी नवरा म्हणतो, अगं हळू, शेजारी धावत येतील. मला हळू बोलताच येत नाही आता. भीती वाटते."

मघाशी खणखणीत आवाजाचं कौतुक केलं होतं ते सरांना आठवलं. माफ कर म्हणावं असं वाटलं. पण तो शब्द इतका चिल्लर वाटला की त्यांनी तो जिभेवरून परत घेतला. पकडलं गेल्याची लाज मघाशीच येऊन गेली होती. ती वरवरची होती, चष्मा पुसला की जाणारी. ही खाली खाली जात होती. आपण बहिरे आहोत याची लाज त्यांना वाटली नाही. आपण इतकी वर्षं इतक्या खात्रीनं बहिरे होतो, याची वाटली.

बाईनं कपाटातून एक डबी काढली. दोन लहान मशीनं तिनं त्यांच्या कानांमागे बसवली, नळ्या आत सरकवल्या, संगणकावर काहीतरी केलं. सरांचा हात टेबलावरच्या कागदाला लागला आणि कागद एवढा करकरला की ते दचकले. पंख्याला आवाज होता. त्यांच्या स्वतःच्या शर्टाच्या बाहीला आवाज होता.

"आता मी माझ्या आवाजात बोलते," बाई म्हणाली. तिनं दोनदा घसा साफ केला, दाराकडे पाहिलं, आणि मग बोलली. "मध्यकानात पाणी असेल तर हवेवाटे ऐकू येणं कमी होतं आणि हाडावाटे ऐकू येणं शाबूत राहतं. आलेखावर दोन्ही रेघांत अंतर पडतं."

आवाज लहान नव्हता. पुटपुटता तर मुळीच नव्हता. साधा, स्वच्छ, समोरासमोर बसलेल्या दोन माणसांना पुरेल एवढा आवाज होता, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर सरांना ऐकू आलं.

"बरोबर," ते म्हणाले.

"तेव्हाही बरोबरच होतं."

सरांनी मान हलवली. काहीतरी करायला हवं होतं, ताबडतोब, मोठं काहीतरी. "सोमवारी माझ्या जागी तू जा," ते एकदम म्हणाले. "मी विभागात सांगतो. परीक्षक म्हणून तू बस. तुझ्याइतकं नीट कोण ऐकणार?"

बाई हसली. तासाभरात पहिल्यांदाच हसली, आणि ते हसू पाहून सरांना ती रडली असती तर बरं असं वाटलं.

"परीक्षकाला पहिला वर्ग लागतो, सर. नियम तुमच्याच समितीनं केलाय. माझा चार मार्कांनी गेला. तोंडीतल्या."

तिनं अहवाल छापला, सही केली आणि पाकिटात घातला. शेरा एका ओळीचा होता: दोन्ही कानांत लक्षणीय दोष, मशीन आवश्यक. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मशीनं आठवडाभर वापरून पाहा, मग ठरवा, असं तिनं सांगितलं. दारापर्यंत सोडायला ती आली नाही. तिनं मास्क वर ओढला आणि पुढच्या आजीबाईंना हाक मारली. सर बाजूला होऊन बाहेर पडले.

बाहेर बाकावर बसून त्यांनी थोडा वेळ विचार केला. विचार असा होता की शहरात अजून बरीच क्लिनिकं आहेत. सगळीकडे तपासणारे कंटाळलेले असतात, सगळीकडे तीच पंचवीस शब्दांची मालिका वापरतात. पाकीट फाडून टाकलं तर कुणाला कळणार? हा विचार आपल्याला सुचतो आहे, आणि अगदी पायऱ्यांसकट सुचतो आहे, हे सर बघत राहिले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि विभागप्रमुखांना लावला.

"बोला सर! दाखला मिळाला ना?" विभागप्रमुखांचा आवाज नेहमीसारखाच भरदार आला. कानात मशीन असल्यामुळे तो आता नुसता दणकट वाटला.

"नाही मिळाला. मला ऐकू येत नाही."

"अहो, वयाचं आहे ते सर, होतं थोडंफार. मी बघतो कुणाकडून तरी..."

"थोडंफार नाही. पंधरा-वीस वर्षं ऐकू येत नाही. मी सोमवारी येणार नाही. आणि मी तोंडीत दिलेले मार्क पुन्हा तपासायला हवेत."

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली, तीसुद्धा सरांना ऐकू आली. मग विभागप्रमुखांनी अगदी जपून विचारलं, "कुणाचे, सर?"

सरांनी आठवायला सुरुवात केली. मोठ्यानं बोलणारे सगळे धडाधड समोर आले, नावांसकट, गावांसकट, त्यांच्या ओठांच्या हालचालींसकट. कारण सर इतकी वर्षं, स्वतःलाही न कळता, ओठच तर वाचत होते. पण ज्यांना कमी दिले होते ते काही केल्या येईनात. त्यांनी डोळे मिटले. टेबलापलीकडे एकामागून एक मुलं येऊन बसत होती, घाबरून खाली बघत होती, खाली बघूनच उत्तरं देत होती, आणि सरांना त्यांचे फक्त केस दिसत होते. सरळ भांग, वाकडा भांग, तेल लावून चापून बसवलेले, धावत आल्यानं विस्कटलेले. चेहरा एकाचाही नव्हता.

"सर? कुणाचे मार्क?"

"ज्यांनी मान वर केली नाही त्यांचे," सर म्हणाले.

विभागप्रमुख म्हणाले की अशी नोंद विद्यापीठात कुठेच ठेवलेली नसते.